एमजीबीचे जुळे एसयू कार्ब्युरेटर कसे ट्यून करायचे

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचं इंजिन मिसिंग करायला लागलं की पहिला हात जातो तो कार्ब्युरेटरवर. बॉनेट उघडलं की ॲल्युमिनियमच्या दोन घंटा समोरच दिसतात, खालचा नट सहज फिरतो, आणि मोह आवरत नाही. दोष असतो पॉइंटमध्ये (ठिणगीची वेळ ठरवणारे डिस्ट्रिब्युटरमधले संपर्क) नाहीतर टॅपेटमध्ये (व्हॉल्व्ह उघडणारी यंत्रणा). तो झाकायला मिश्रण बिघडवलं जातं. पुढे कधीतरी पॉइंट बदलले की गाडी आणखीच वाईट चालते, कारण आता कार्ब्युरेटर खरोखरच चुकीचा लावलेला असतो. म्हणून इथे सांगितलेल्या क्रमात कार्ब्युरेटरची पाळी बरीच उशिरा येते.

ही माहिती दीड इंची एचएस४ कार्ब्युरेटरांची आहे, म्हणजे १९६२ पासून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या एमजीबींची. त्यानंतरच्या एचआयएफ४ मध्ये मिश्रणाचा स्क्रू बाजूला असतो, त्याला जेटच्या नटाबद्दलचं काही लागू नाही. मिनी कूपरवरचे सव्वा इंची एचएस२ मात्र असेच लावायचे.

यंत्र आधी समजून घ्या

साध्या कार्ब्युरेटरमध्ये हवेचा गळा ठरावीक मापाचा असतो. एसयूमध्ये तो हवेच्या ओढीप्रमाणे लहान-मोठा होतो: ओढ वाढली की घंटेतला पिस्टन वर जातो, कमी झाली की खाली येतो, आणि जेटवरून जाणाऱ्या हवेचा वेग जवळपास सारखाच राहतो. पिस्टनला खाली निमुळती सुई असते, ती जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या नळीत, शिरते. पिस्टन जितका वर, तितका सुई आणि जेट यांच्यातला फट मोठा, तितकं पेट्रोल जास्त. ही कल्पना हर्बर्ट स्किनर यांची, १९०५ च्या सुमाराची. एसयू म्हणजे ‘स्किनर्स युनियन’. घराणं जोड्यांच्या धंद्यातलं, आणि सुरुवातीच्या एसयूमध्ये पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता, हा योगायोग नसावा. १९२६ मध्ये विल्यम मॉरिस यांनी कंपनी विकत घेतली आणि एसयू ब्रिटिश गाड्यांवर सर्रास दिसू लागला. १९५१ साली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या जॅग्वार सी-टाइपवर एसयूच होते. १९५३ च्या विजयापर्यंत तिथे वेबर कंपनीचे कार्ब्युरेटर आले होते.

यातून एक गोष्ट ध्यानात ठेवायची. एका कार्ब्युरेटरला जेट एकच, सुई एकच. जेटखालचा नट फिरवला की आयडलिंगपासून पूर्ण थ्रॉटलपर्यंत सगळीकडचं मिश्रण सरकतं. आयडलिंगला बरोबर पण वरच्या वेगात लीन (पेट्रोल कमी; उलट, पेट्रोल जास्त म्हणजे रिच), अशी तक्रार असेल तर ती नटाने सुटणार नाही. सुई घासलेली आहे किंवा भलत्याच नंबरची आहे. सुईच्या दांड्यावर नंबर कोरलेला असतो. सुरुवातीच्या काही वर्षांनंतरच्या, साठच्या दशकातल्या एमजीबीला ५ नंबर, त्याहून रिच हवी तर ६, लीन हवी तर २१. पिस्टनवरची स्प्रिंग लाल.

आधी इंजिन

टॅपेटचा गॅप ०.०१५ इंच. व्हॉल्व्ह आठ आहेत, म्हणून बेरीज नऊ येईल असा हिशोब धरा: आठवा पूर्ण दाबलेला असताना पहिला मोजा, सहावा दाबलेला असताना तिसरा. ब्रिटनमध्ये शिसंयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री २००० च्या सुरुवातीला बंद झाली. तेव्हापासून जुन्या हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका खचायची शक्यता असते. बैठक खचली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होतो. टॅपेटचा आवाज बंद झाला म्हणून खूश होऊ नका; दर वेळी तोच गॅप कमी झालेला सापडला तर बैठकच तपासायची वेळ आली आहे.

पॉइंटचा गॅप ०.०१५ इंच, प्लगचा ०.०२५. सुरुवातीच्या ८.८:१ कॉम्प्रेशनच्या इंजिनांना स्टॅटिक टायमिंग (इंजिन बंद असताना लावलेली ठिणगीची वेळ) इंजिनातला पिस्टन सर्वांत वर पोहोचण्याच्या १० अंश आधी. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

मग हवेची गळती. इंजिन आयडलिंगला ठेवून मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर आणि थ्रॉटल स्पिंडलच्या दोन्ही टोकांवर पातळ तेलाचा बारीक फवारा मारा. तापलेला एक्झॉस्ट तिथेच खाली आहे, तेव्हा थेंबाथेंबाने, आणि पेट्रोल तर कधीच नाही. आवाज बदलला की गळती सापडली. स्पिंडल बोटांनी वर-खाली हलत असेल तर पुढचं काहीच करू नका. नुसता नवा स्पिंडल घालून भागत नाही, कारण बॉडीतलं भोकही अंडाकृती झालेलं असतं; बुश बसवावे लागतात. अशा कार्ब्युरेटरचं आयडलिंग आज जमेल, उद्या उडेल.

पिस्टन आणि जेट

एअर फिल्टर काढा. घंटेवर आणि बॉडीवर पेन्सिलीने खूण करा, तीन स्क्रू सोडा, घंटा सरळ वर उचला. वाकडी उचललीत तर सुई वाकेल. दोन कार्ब्युरेटरांचे पिस्टन आणि घंटा एकमेकांत मिसळू देऊ नका, त्या जोड्या मापाने जुळवलेल्या असतात. दोन्ही भाग पेट्रोलने पुसा. पॉलिश पेपर वर्ज्य. पिस्टनच्या कडेला तेल नको, फक्त मधल्या दांड्याला एक थेंब. सुईचा खांदा पिस्टनच्या तळाशी अगदी सपाट असावा.

घंटा परत बसवा, तिच्या माथ्यावरच्या भोकात आट्यांनी बसणारा डॅम्पर बाहेरच ठेवा. जेट पूर्ण वर घ्या, पिस्टन बोटाने उचला आणि सोडा. तो ‘टक्’ असा धातूचा स्पष्ट आवाज करत बॉडीवर टेकला पाहिजे. आता जेट खाली ओढून पुन्हा सोडा. दोन्ही वेळा आवाज तोच आला तर जेट मध्यावर आहे. जेट खाली असताना टक् येतो आणि वर असताना पिस्टन मऊपणे, न वाजता बसतो, तर सुई जेटला घासते आहे.

मध्यावर आणण्यासाठी चोकची कडी सोडवा, जेट काढा, समायोजनाचा नट आणि त्याखालची स्प्रिंग काढा, नट स्प्रिंगशिवाय पूर्ण वर चढवा आणि जेट आत ढकला. वरचा मोठा लॉकनट अर्धा फेरा सैल करा. डॅम्परच्या भोकातून पेन्सिलीने पिस्टन हलकेच खाली दाबून धरा आणि लॉकनट आवळा. आवळताना जेट सरकतो, त्यामुळे पहिल्या खेपेला जमलं नाही तर नवल नाही; टक् येईपर्यंत करत राहा. १९६९ च्या सुमारापासून स्प्रिंगवर झुकलेली सुई आली. ती मुद्दामच जेटला टेकलेली असते, तिला ही खटपट लागत नाही.

फ्लोट चेंबर

झाकण उलटं धरा, नीडल व्हॉल्व्ह फ्लोटच्या वजनाने बंद होऊ द्या. फ्लोट आणि झाकणाची कड यांच्यातलं अंतर १/८ ते ३/१६ इंच हवं. इग्निशन चालू करा, इंजिन नाही. मागच्या चाकाजवळचा एसयू पंप आधी भराभर टकटक करेल, मग थांबेल. थांबतच नसेल तर पेट्रोल कुठेतरी जातंय: नळीतून, किंवा नीडल व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून ओव्हरफ्लोमधून.

फ्लोटचं काम किती नाजूक असतं ते ब्रिटिश वैमानिकांना युद्धात कळलं. स्पिटफायर आणि हरिकेनच्या मर्लिन इंजिनावरचा कार्ब्युरेटरही एसयूचाच. विमानाने एकदम नाक खाली घातलं की चेंबरमधलं पेट्रोल वर उसळायचं आणि इंजिन अडखळायचं. फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रातल्या बिॲट्रिस शिलिंग यांनी १९४१ मध्ये त्यावर वॉशरसारखी छोटी चकती काढली, पेट्रोलचा ओघ मोजूनमापून सोडणारी. या बाई ब्रुकलँड्सच्या शर्यतपट्ट्यावर नॉर्टन मोटरसायकल ताशी १०० मैलांच्या वर पळवून गोल्ड स्टार मिळवलेल्या.

सप्टेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमधल्या पंपांवरचं साधं पेट्रोल ई१० आहे, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात आणि भेगाळतात. सुपर ई५ वापरा आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या बसवा. ई१० वरच चालवायची वेळ आली तर मिश्रण एक-दोन पैलू (नटाच्या सहा बाजूंपैकी एक म्हणजे एक पैलू) रिच करावं लागेल.

दोघांना जुळवणं

गाडी वीसेक मिनिटं चालवून पूर्ण तापवा. दोन्ही थ्रॉटल स्पिंडलमधल्या जोडदांडीचे क्लॅम्प सैल करा, चोकच्या जोडदांडीचेही. आता दोन्ही कार्ब्युरेटर स्वतंत्र झाले. आयडलिंगचे स्क्रू थ्रॉटल पूर्ण बंद होईपर्यंत मागे घ्या, मग प्रत्येक दीड फेरा आत. जेट दोन्हीकडे पुलाच्या, म्हणजे पिस्टन खाली आल्यावर ज्या उंचवट्यावर टेकतो त्याच्या, पातळीला आणा आणि तिथून नट बारा पैलू, म्हणजे दोन पूर्ण फेरे, खाली. नट खाली म्हणजे रिच, वर म्हणजे लीन.

इंजिन चालू करा. हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दोन्हीकडे अगदी त्याच जागी धरा. फुसकारा एका पट्टीत येईपर्यंत आयडलिंगचे स्क्रू फिरवा. हवामापक असेल तर काम पटकन होतं, पण नळी काही कमी नाही. मॅन्युअलप्रमाणे आयडलिंग ५०० फेऱ्यांवर. घासलेल्या इंजिनाला थोडं वर ठेवलं तरी चालतं.

हवेचा समतोल साधल्यावरच मिश्रण. दोन्ही नट एकाच वेळी, एकेक पैलू फिरवत इंजिन सर्वांत वेगाने आणि एकसारखं चालेल तिथे थांबा. वेग वाढला तर दोन्ही स्क्रू सारखेच मागे घ्या. मग पिन. कार्ब्युरेटरच्या बॉडीखाली पिस्टन उचलायची बारीक पिन असते. ती वर ढकलली की आधी थोडा मोकळा खेळ लागतो, मग पिस्टनचं वजन बोटाला जाणवतं. तिथून फक्त १/३२ इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर, आणखी वर. आता कान द्या:

वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला, तर रिच. नट एक पैलू वर.
वेग लगेच पडला किंवा इंजिन बंद पडलं, तर लीन. एक पैलू खाली.
वेग क्षणभर किंचित चढला आणि पुन्हा जागेवर आला, तर बरोबर.

पिन जास्त उचलली तर कुठलंही इंजिन बंद पडतं, आणि माणूस उगाच रिच करत सुटतो. एका कार्ब्युरेटरमधला बदल दुसऱ्याला जाणवतो, म्हणून पुढचा झाला की मागचा, आणि परत पुढचा. तीन मिनिटांहून जास्त वेळ लागला तर अर्धा मिनिट २,५०० फेऱ्यांवर रेस देऊन प्लग साफ करा, नाहीतर काळे पडलेले प्लग तुमची दिशाभूल करतील. एक्झॉस्टचा आवाजही मदत करतो: अनियमित, फडफडता आणि धूर नसलेला म्हणजे लीन, ठरावीक तालात चुकणारा आणि काळसर धुराचा म्हणजे रिच.

जोडदांडी, चोक, तेल

जोडदांडी आवळताना समतोल हमखास जातो. थ्रॉटल शाफ्टच्या स्टॉपमध्ये ०.०१२ इंचाचं फीलर गेज घाला, प्रत्येक लिव्हर खाली घेऊन त्याची पिन काट्याच्या खालच्या बाजूला नुसती टेकवा, आणि क्लॅम्प आवळा. गेज काढल्यावर पिनांना किंचित खेळ राहतो. तो नसेल तर थ्रॉटल पूर्ण बंद होत नाही. १,५०० फेऱ्यांवर फुसकारा पुन्हा ऐका.

चोकच्या केबलला १/१६ इंच ढिलाई ठेवा. ताणलेल्या केबलने जेट पूर्ण वर जात नाही आणि गाडी कायम रिच चालते. चोकचं बटण जेट हलणार इतक्यात थांबवा आणि फास्ट आयडलिंग १,००० फेऱ्यांवर लावा.

डॅशपॉटमध्ये, म्हणजे घंटेच्या वरच्या नळीत जिथे डॅम्पर बसतो तिथे, एसएई २० तेल घाला. डॅम्पर खाली घालताना त्याचे आटे लागायच्या पाव इंच आधी विरोध जाणवला की पातळी बरोबर. एकदम ॲक्सिलरेटर दाबल्यावर पिस्टन झटकन उडू नये, क्षणभर मिश्रण रिच व्हावं, एवढ्यासाठी हे तेल. कोरड्या डॅशपॉटची गाडी पेडल दाबल्यावर आधी गचका खाते. ते ऐकून जेटला हात लावणारे पुष्कळ असतात.

शेवटी मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये इंजिनावर जोर देऊन चालवा, मागेपुढे वाहन नसताना एकाच वेळी क्लच दाबा आणि इग्निशन बंद करा, गाडी कडेला घ्या. स्टिअरिंग लॉक असलेल्या गाडीची किल्ली लॉकपर्यंत नेऊ नका. प्लग फिकट तपकिरी हवेत. १ आणि २ काळे, ३ आणि ४ ठीक, तर फक्त पुढचा कार्ब्युरेटर एक पैलू लीन करा. सगळे पांढरे असतील तर दोन्ही एक पैलू रिच. आणि इग्निशन बंद केल्यावरही इंजिन धडधडत राहत असेल तर आधी आयडलिंग उतरवून बघा; त्यानेही थांबलं नाही तर हेडमधला कार्बन काढायला झाला आहे.