आधी टोपीचा धागा जाळून पाहा

शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला, आठ दिवस उरले असताना गावातली पोरं दारात आली. "काकू, कमिटीवाल्याइले टोप्या पाह्यजे. चाळीस. समोर बैलजोडी अन् खाली गावाचं नाव." कागदावर छापलेलं चित्र उष्णतेने पॉलिएस्टरच्या टोपीवर उतरवणारं सब्लिमेशनचं मशीन येऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. त्याआधी १५ वर्षं मी फक्त शिलाई केली: ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. आमचं गाव दारव्हा-दिग्रस रस्त्यापासून थोडं आत आहे, त्यामुळे टोप्या नागपूरहून आणल्या. दुकानदार म्हणाला, पॉलिएस्टर आहे. मी मान डोलावली. चाळीसही टोप्या छापल्या, देखण्या दिसल्या, पटाच्या दिवशी सगळ्या कमिटीच्या डोक्यावर होत्या. चौथ्या दिवशी एक पोरगा धुतलेली टोपी घेऊन आला. बैलजोडी पाण्यात गेली होती, शिंगांच्या जागी फिकट गुलाबी डाग राहिला होता. मी सगळ्यांचे पैसे परत केले.

त्या रात्री टोपीच्या आतल्या शिवणीतून एक धागा ओढला आणि काडी लावली. कागदासारखा जळला, चिमटीत धरला तर भुकटी झाली, आणि वास आला तो निरांजनातली वात विझल्यावर येतो तो. टोपी सुती होती. पॉलिएस्टरचा धागा असा जळत नाही. तो ज्योतीपासून आखडतो, वितळतो आणि टोकाला काळा टणक मणी धरतो. थोडी राख आणि थोडा मणी असं दोन्ही आलं, तर टेरीकॉट समजा. टेरीकॉटवर छपाई उमटते, पण पहिल्या धुण्यात कापसाच्या धाग्यांवरचा रंग निघून जातो आणि चित्र जुन्या पोस्टरसारखं दिसायला लागतं. पांढऱ्या गांधी टोप्या पुष्कळदा टेरीकॉटच्याच असतात, म्हणून मी त्या छपाईला घेत नाही. आता नवीन माल आला की प्रत्येक गठ्ठ्यातली एक टोपी उसवून धागा जाळल्याशिवाय मी मशीनचं बटण दाबत नाही.

कारण समजलं की हे पक्कं लक्षात राहतं. देवघरातल्या डबीत ठेवलेला कापूर पाणी न होताच उडून जातो ना, ही सब्लिमेशनची शाई त्याच जातीची आहे. कागदावर ती कोरडी असते. १८० ते २०० अंशांच्या उष्णतेत तिची सरळ वाफ होते. तेवढ्याच उष्णतेत पॉलिएस्टरचा तंतू सैल पडतो, वाफ आत शिरते, आणि कापड थंड झालं की तंतू पुन्हा आवळून रंग आतच धरून ठेवतो. म्हणून हात फिरवला तरी छपाई बोटाला लागत नाही, रबरासारखी तडकतही नाही. कापसाच्या तंतूला असं उघडणं-मिटणं नाही. आमच्या घरात दिवाळीपासून कापसाचे ढीग असतात, पण ही शाई त्याला धरत नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. या शाईत पांढरा रंग नसतो. चित्रात जिथे पांढरं हवं, तिथे टोपीचंच पांढरं दिसतं. फिक्या निळ्या टोपीवर पिवळं छापलं तर हिरवट उमटतं, गडद निळ्यावर काहीच दिसत नाही. १४ एप्रिलच्या आधी जयंतीसाठी निळ्या टोप्यांची मागणी येते, तेव्हा मी समोरचं पान (कपाळावरचा कापडाचा तुकडा) पांढरं आणि बाकी जाळी व छज्जा (डोळ्यांवर येणारी पुढची कड) निळा असलेली टोपी सुचवते. पांढऱ्यावर निळं अक्षर आणि अशोकचक्र फार सुंदर येतं. भगव्या टोपीवर काही छापून मागितलं तर स्पष्ट नाही म्हणते आणि भरतकाम करणाऱ्याकडे पाठवते.

टोपी पाच पानांची घ्या. सहा पानांच्या टोपीला कपाळाच्या बरोबर मधे उभी शिवण असते. तिथे कापड दुहेरी, शिवणीच्या दोन्ही बाजूंना दाब कमी, आणि चित्राच्या मधोमध पांढरी रेघ राहते. पाच पानांच्या टोपीत समोर एकच सलग पान असतं. फोम लावलेली, मागे जाळीवाली टोपी शिकायला सगळ्यात सोपी.

प्रिंटरबद्दल एवढंच सांगते: शाई तापवून फेकणारा प्रिंटर या कामाचा नाही. एपसनच्या टाकीवाल्या प्रिंटरमध्ये शाई दाबाने बाहेर पडते, म्हणून लोक तो घेतात. घेतलात तर नवा घ्या आणि पहिल्या दिवसापासून त्यात सब्लिमेशनचीच शाई भरा. साधी शाई एकदा भरली की ती नळ्यांतून पूर्ण निघत नाही. शाई देणाऱ्याकडून रंगाची प्रोफाइल फाइल मागून घ्या आणि ती कॉम्प्युटरमध्ये टाका, नाहीतर लाल विटकरी येतो. कागद सब्लिमेशनचाच हवा. कागदावर छापलेलं चित्र मळकट, फिकट दिसतं. पहिल्यांदा मी घाबरून शाई वाढवली होती. वाढवू नका, रंग उष्णतेतच खुलतो.

आता अक्षरांकडे. बैलजोडीचं चित्र थोडं इकडेतिकडे झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही, पण आपल्या अक्षराला डोक्यावर रेघ असते. कागद केसभर तिरका बसला तरी शिरोरेषा लगेच चुगली करते. शिवाय वाफ थोडी पसरतेच, त्यामुळे बारीक अक्षरातला अनुस्वार रेघेला चिकटतो आणि 'शंकरपट'चं 'शकरपट' होतं. रफारही असाच बुजतो. म्हणून अक्षर जाड, मोकळं घ्या आणि अनुस्वार रेघेपासून थोडा वर उचला. जुन्या कोरल ड्रॉमध्ये व्हॉट्सअॅपवरून आलेला मजकूर चिकटवला तर ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं फुटतात. छापण्याआधी ज्याचं नाव आहे त्यालाच वाचून दाखवा. मी तर तो मोबाइलवर पाहून 'बरोबर आहे' असं लिहून पाठवेपर्यंत थांबते. फोटो असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, साधा पाठवलेला फोटो दबून येतो आणि छापल्यावर चेहरा पुसट होतो.

माप: रुंदी साडेचार इंच, उंची दोन ते सव्वादोन इंच. त्याहून मोठं चित्र गोलाईवर मावत नाही. छज्ज्याच्या जोडापासून अर्धा इंच वर सुरू करा, कारण जोडाजवळ कापड जाड असतं आणि त्याला लागून प्लेट नीट टेकत नाही. छापताना 'मिरर' चालू करा. उलटं देवनागरी पटकन ओळखू येत नाही, म्हणून कागद आरशासमोर धरून एकदा वाचा.

मशीनची वरची तापणारी प्लेट आणि खालचा टोपी बसवायचा साचा, दोन्ही गोल असतात. मशीन १९० अंशांवर लावा आणि आकडा आला तरी पाच मिनिटं तसंच तापू द्या. तोवर टोपी तयार करा. आतली घामपट्टी बाहेर उलटी करा, नाहीतर तिची जाडी समोर उमटते. टोपी साच्यावर चढवून मागची कडी ओढा. समोरचं पान ढोलकीच्या कातड्यासारखं ताणलं गेलं पाहिजे, एक सुरकुती राहिली तर तिथे पांढरी रेघ येणार. मग चिकटपट्टी उलटी गुंडाळून त्या पानावर थापटत फिरवा. हे काम माझ्या घरी सगळ्यात महत्त्वाचं आहे. कार्तिक-मार्गशीर्षात वेचलेला कापूस घरात असतो, त्याचे तंतू हवेत तरंगत असतात, आणि टोपीवर बसलेला एक तंतू छापल्यावर निळ्या ठिपक्यासारखा कायमचा राहतो. त्या दिवसांत मी मशीनच्या खोलीचं दार लावून घेते आणि सकाळी ओल्या फडक्याने पुसून काढते.

आता नुसतीच टोपी पाच-सात सेकंद दाबा, म्हणजे कापडातली ओल निघून जाईल. कागद चित्राच्या जवळून कापा, वरच्या कडेला दोन-तीन छोट्या चिरा द्या, तो गोलाईवर सपाट बसतो. टोपीचं मधोमध शोधायला मी टेलरिंगचा खडू वापरत नाही, त्याचा रंग उष्णतेत धरू शकतो. छज्ज्याच्या मधल्या टाक्यापासून टोपीवरच्या बटणापर्यंत दोरा ताणते. कागद छापील बाजू कापडाकडे करून ठेवा आणि दोन्ही बाजूंनी उष्णता सहन करणारी टेप लावा. साध्या टेपचा गोंद वितळून टोपीवर बसतो. वरून बटर पेपर, मग दांडा खाली. ५० सेकंद. दाब इतका हवा की दांडा लावताना तळहाताला जोर लागावा, पण अंगाचं वजन टाकावं लागू नये.

दांडा एकदम, सरळ वर उचला. कागद गरम असतानाच एका झटक्यात काढा. तो जरासा घसरला तर उरलेली वाफ बाजूला उमटते आणि अक्षराला सावली पडते. सावली पडलेली टोपी दुरुस्त होत नाही, तोच कागद पुन्हा ठेवून दाबलं तर आणखी बिघडते. टोपी हाताने सावकाश गोल करत थंड होऊ द्या, ताज्या टोप्या एकात एक घालू नका. छापताना खिडकी उघडी ठेवा, त्या वाफेला वास असतो, आणि लेकरांना जवळ येऊ देऊ नका. प्लेटची कड मनगटाला लागली तर फोड येतो.

चित्र सगळीकडे फिकट आलं तर उष्णता किंवा दाब कमी पडला. फक्त कडेला फिकट असेल तर टोपी सैल होती. कापड पिवळसर झालं तर जास्त तापलं, पाच अंश कमी करा. प्रत्येक मशीनचा आकडा आणि खरी उष्णता यांत थोडा फरक असतोच. तो शोधायला टोपी वाया घालवू नका. मी गणवेशातून उरलेल्या पांढऱ्या पॉलिएस्टर कापडाच्या चिंध्या जपून ठेवते आणि आधी त्यांवर दाबून पाहते.

आमच्याकडच्या हवेचं थोडं वेगळं सांगते, ते मशीनसोबतच्या कागदात नसतं. उन्हाळ्यात पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा प्रिंटरची नळी वाळते. काम नसलं तरी दर दुसऱ्या दिवशी चार रंगांच्या पट्ट्यांचं एक पान काढा. त्याच दिवसांत घरोघरी कूलर चालू असतो आणि त्याची ओली हवा कागदावर आली की कागद पाणी पितो, दाबताना वाफ सुटून रंगाचे ढग पडतात. मी कागद झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवते, आणि छापायच्या वेळी कूलरचं तोंड फिरवते, कितीही उकडलं तरी. पावसाळ्यात पहिला कोरडा दाब पाचाऐवजी दहा सेकंदांचा देते.

संध्याकाळी विजेचा दाब उतरतो, मशीन १७० च्या पुढे जायला तयार नसतं. म्हणून छपाई दुपारी. दाबलेल्या टोपीवरच लाइट गेली तर दांडा उचलू नका. प्लेट लगेच थंड होत नाही. मोबाइलवर वेळ पाहा, उरलेले सेकंद आणि वर पंधरा सेकंद जाऊ द्या, मग काढा. अशा तीन-चार टोप्या माझ्या वाचल्या आहेत. मशीनचा घड्याळाचा काटा विजेबरोबर थांबतो, म्हणून मोबाइल मी नेहमी बाजूला लावूनच ठेवते.

गिऱ्हाइकाला दोन गोष्टी आधीच सांगते. धुण्याने रंग जाणार नाही, पण ब्रशने घासू नका, आतलं ताठ अस्तर मोडतं. आणि जो माणूस दिवसभर वावरात असतो, त्याच्या टोपीचा रंग उन्हाने हळूहळू फिका होणार.

यंदा पटाच्या आधी तीच पोरं पुन्हा आली, ४५ टोप्या सांगायला. त्यांच्यासमोर मी धागा जाळला आणि मणी त्यांच्या हातावर ठेवला. त्या खेपेतली एक टोपी मी ठेवून घेतली आहे. दर रविवारी घरच्या कपड्यांसोबत धुते आणि अंगणातल्या तारेवर वाळत घालते. नवीन माणूस विचारायला आला की तारेवरून काढून त्याच्या हातात देते.