घोडीच्या जठरातील व्रण आणि खलबत्त्यात कुटलेले औषध

आमची ४५० किलो वजनाची घोडी खुराक अर्धा टाकून देऊ लागली आणि खोगिराचा तंग आवळताना मागे वळून चावू लागली, तेव्हा दुर्बिणीच्या तपासणीत तिच्या जठराच्या वरच्या भागात व्रण दिसले. पशुवैद्यांनी किलोमागे ४ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला १.८ ग्रॅम ओमेप्राझोल हे जठरातील आम्ल कमी करणारे औषध सांगितले. मी माणसांच्या कॅप्सूलमधले दाणे खलबत्त्यात बारीक कुटून गुळाबरोबर तोबऱ्यात देत होतो. तीन आठवडे झाले तरी फरक नव्हता.

मात्रा वाढवावी का, असे विचारताच पशुवैद्यांनी आधी औषध कसे देता ते विचारले आणि चूक तिथेच सापडली. ओमेप्राझोल आम्लात टिकत नाही. ते लहान आतड्यात शोषले जाऊन रक्तावाटे आम्ल स्रवणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचावे लागते, म्हणून प्रत्येक दाण्यावर आम्लरोधक लेप असतो आणि तोच मी रोज मन लावून कुटत होतो. घोड्याच्या जठरात आम्ल अखंड स्रवते, उपाशीपोटीही, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

त्यांनी घोड्यांसाठीची, आम्लापासून संरक्षण देणारे क्षार मिसळलेली पेस्ट दिली. पहाटे रिकाम्या पोटी ती जिभेच्या मुळाशी सोडायची आणि तासाभराने गवत घालायचे, असा क्रम मी २८ दिवस पाळला. दुसऱ्या आठवड्यात तोबरा रिकामा परत येऊ लागला, आणि पुढच्या तपासणीत व्रणांच्या जागी गुलाबी, नवे अस्तर दिसले.