नवा पॉवर ॲम्प घरी आणलाय? या चुका टाळा

सवाई गंधर्व महोत्सव आटोपला की पुढचे आठ-दहा दिवस घरच्या स्टिरिओवर मन भरत नाही. अशाच एका डिसेंबरानंतर मी स्वतंत्र पॉवर ॲम्प घेतला. जुना इंटिग्रेटेड ॲम्प (दोन्ही कामं एकाच पेटीत करणारा) प्री-ॲम्प म्हणून, म्हणजे उपकरण निवडायला आणि आवाज कमी-जास्त करायला ठेवायचा आणि स्पीकर चालवायचं जड काम नव्याकडे द्यायचं, असा बेत होता. पहिल्याच संध्याकाळी मारवा लावला, तर तानपुऱ्याच्या खाली आणखी एक सूर लागलेला. पेटीच्या पांढरी पाचच्या किंचित वर, जाड, अखंड. गाणं थांबलं तरी तो थांबेना.

ॲम्प बदलून आणला. दुसऱ्या नगातही तोच सूर. तीन आठवड्यांनी दोष सापडला तो टीव्हीच्या मागे, ॲम्पपासून आठ फुटांवर. ती हकिकत पुढे येईलच. पण त्यानंतर ओळखीच्या बऱ्याच घरी जोडण्या करून दिल्या आणि एक गोष्ट पक्की झाली: नवा पॉवर ॲम्प स्वतः क्वचितच बिघडलेला निघतो. त्याच्याकडे जे येईल ते वीसपट करून तो पुढे पाठवतो. त्यात संगीत येतं, घरघर येते आणि आपण केलेली चूकही येते. म्हणून दोष शोधायचा तो आधी ॲम्पच्या अलीकडे आणि पलीकडे.

आवाजाची कळ कुणाच्या हातात?

ही चूक सगळ्यात महाग पडते. बहुतेक पॉवर ॲम्पना आवाज कमी-जास्त करायची कळच नसते. डॅक (डिजिटल संगीताचा ॲनालॉग सिग्नल करणारी पेटी) किंवा सीडी प्लेयर थेट जोडला, तर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोराचा आवाज येतो. साधा हिशेब आहे. डॅकमधून जास्तीत जास्त २ व्होल्ट निघतात. ॲम्पचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, २६ डेसिबल धरा, म्हणजे २० पट. झाले ४० व्होल्ट. ८ ओहमच्या स्पीकरवर ४० व्होल्ट म्हणजे २०० वॉट. ॲम्प १०० वॉटचा असेल तर एवढं त्याला झेपत नाही. मग सिग्नलच्या लाटेचे माथे कापले जातात आणि त्या कापाकापीतून तयार झालेले वरचे सूर ट्विटरवर, म्हणजे स्पीकरमधल्या बारीक सुरांच्या छोट्या भोंग्यावर, जाऊन आदळतात. ट्विटरची कॉइल केसासारख्या तारेची असते. ती जळायला फार वेळ लागत नाही.

जुन्या ॲम्पच्या पाठीमागे आउटपुटची दोन-तीन भोकं असतात आणि तिथेच फसगत होते. ‘टेप आउट’ किंवा ‘रेक आउट’वर व्हॉल्यूमची कळ चालत नाही, तिथून कायम पूर्ण सिग्नल येतो. आपल्याला हवं असतं ते ‘प्री-आउट’. काही जुन्या मॉडेलमध्ये ‘प्री-आउट’ आणि ‘मेन-इन’ यांच्यामध्ये वाकवलेल्या सळईचे दोन जंपर असतात. पॉवर ॲम्प लावताना ते काढायचे आणि डबीत जपून ठेवायचे. उद्या जुना ॲम्प एकटा वापरायचा झाला, तर त्यांच्याशिवाय त्याच्या स्पीकरमधून आवाज येणार नाही. जुन्या ॲम्पचं स्पीकर-आउटपुट नव्याच्या आरसीए इनपुटमध्ये (मधे पिन आणि भोवती कडं असलेल्या नेहमीच्या ऑडिओ वायरीचं भोक) घालायचा प्रयोग मात्र कधीच करू नका.

डॅकमध्येच व्हॉल्यूम असेल तर तो चालतो, पण सेटिंग ‘फिक्स्ड’वर नाही ना, हे दोनदा बघा. तबकडीवाल्यांना सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा फोनो प्री-ॲम्प लागतोच. पॉवर ॲम्पला सुईचा सिग्नल कळत नाही.

चालू-बंद करण्याचा क्रमही इथेच सांगतो. चालू करताना पॉवर ॲम्प सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी. नाहीतर प्री-ॲम्प चालू होताना निघणारा ठोका स्पीकरपर्यंत पोचतो. ॲम्प चालू असताना आरसीए पिना काढा-घाला करू नका, कारण त्यात मधली पिन आधी टेकते आणि ग्राउंड नंतर. पहिल्या दिवशी घरातले जुने, गेले तरी चालतील असे स्पीकर लावून पाहिलं तर उत्तम.

स्पीकरच्या वायरी

वायर पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत कापून मिळते. तांब्याचीच मागा आणि टोक खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर वर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनिअम आहे. पाच मीटर लांबीला २.५ स्क्वेअर एमएम भरपूर होते. जाण्या-येण्याचे दहा मीटर धरले तरी विरोध ०.०७ ओहमच्या आसपास राहतो. बल्बला लावतात ती ०.५ स्क्वेअर एमएमची वायर घातली तर तोच ०.४ ओहमपर्यंत जातो आणि ४ ओहमच्या स्पीकरला तो चांगलाच जाणवतो. यापेक्षा जास्त पैसे मी वायरवर घालणार नाही.

टोकं सोलल्यावर तारा घट्ट पिळून घ्या. लाल पेचातून सुटलेली एक तार काळ्याला टेकली की शॉर्ट. त्यापेक्षा बनाना प्लग लावून टाका.

लाल-काळं उलटं लागलं तर काही जळत नाही, म्हणून ही चूक महिनोन्महिने लपून राहते. एकाच स्पीकरचं उलटं झालं, तर एक पडदा बाहेर येताना दुसरा आत जातो. खर्ज विरघळून जातो, तबल्याचा बायां पोकळ वाटतो. तपासायला जुनं मोनो रेकॉर्डिंग लावा आणि दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसा. गायकाचा आवाज समोर, मधोमध, एका जागी उभा राहिला पाहिजे. तो खोलीभर पसरला असेल तर ॲम्प बंद करून एकाच स्पीकरच्या वायरी उलटवा आणि पुन्हा ऐका. फरक घरातल्या कुणालाही कळतो.

स्पीकरचे ओहम जितके कमी तितका ॲम्पवर भार जास्त, म्हणून ॲम्प ४ ओहमला चालतो का, हे माहितीपुस्तिकेत बघा. ८ ओहमच्या दोन जोड्या समांतर लावल्या की ॲम्पला ४ ओहमच दिसतात. ब्रिज मोडमध्ये (दोन्ही चॅनेल मिळून एकच स्पीकर चालवतात तेव्हा) तर प्रत्येक चॅनेलला स्पीकरच्या निम्माच ओहम दिसतो, म्हणून ४ ओहमचे स्पीकर ब्रिजवर लावायचे नाहीत. आणि मुळात त्याची गरज कुणाला आहे? ८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर १ वॉटला एक मीटरवर ८७ डेसिबल देतो, १० वॉटला ९७. आपल्या सोसायट्यांतल्या हॉलमध्ये त्यापुढे गेलं की शेजारी दार वाजवतात.

गुणगुण

आता माझा तो सूर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. त्यामुळे घरघर एकतर ५० हर्ट्‌झवर असते किंवा दुप्पट, १०० हर्ट्‌झवर. पेटीवर दोन्ही एकच सूर, पांढरी पाचच्या थोडा वर. तो ऐकू आला तर गाठ विजेशी आहे, एवढं नक्की समजा.

सगळं बंद करून ॲम्पच्या इनपुटच्या वायरी काढा आणि फक्त ॲम्प चालू करा. स्पीकर शांत असतील तर ॲम्प निर्दोष आहे. आवाज स्पीकरमधून न येता ॲम्पच्या पेटीतूनच येत असेल, तर तो ट्रान्सफॉर्मरचा आहे. थोडासा असेल तर सोडून द्या. मग नुसता प्री-ॲम्प जोडा, त्याला दुसरं काहीही न लावता. मग सीडी, मग डॅक, मग टीव्ही. प्रत्येक वेळी बंद करून जोडायचं आणि चालू करून ऐकायचं. मी पहिल्याच दिवशी हे केलं असतं तर दुकानात दोनदा जावं लागलं नसतं.

माझ्याकडे तिसऱ्या आठवड्यात वरच्या मजल्यावरचे काका आले. टेलिफोनच्या तारांत त्यांचा जन्म गेलेला. दोन मिनिटं कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, “टीव्हीचा आवाज यातूनच येतो का रे?”

“हो काका, सेट-टॉप बॉक्सची वायर प्री-ॲम्पला दिलीय.”

“आणि केबलवाल्याची वायर?”

“ती गच्चीवरून येते.”

“मग ती बॉक्सच्या मागून उपटून बघ की.”

उपटली. सूर तिथेच संपला. खोलीत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

झालं होतं असं. ॲम्पला अर्थ (जमिनीशी विजेची जोडणी) मिळत होता भिंतीतल्या सॉकेटमधून आणि केबलच्या वायरीचं जाळं अर्थ झालं होतं बाहेर कुठेतरी लांब. दोन्हीकडच्या अर्थमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतोच. त्या फरकाचा प्रवाह आरसीए केबलच्या जाळीतून वाहायला लागतो आणि सिग्नलमध्ये मिसळतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. उपाय म्हणजे टीव्हीकडून ऑप्टिकल केबलने डॅकला जोडणं. काचेतून किंवा प्लास्टिकमधून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे लूप तुटतो. ते शक्य नसेल तर केबलच्या वायरीवर आयसोलेटर (दोन बाजूंचा विजेचा थेट संबंध तोडणारा जोड) बसवा. लॅपटॉपवरून ऐकत असाल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतल्यानेही पुष्कळदा काम भागतं. तबकडीच्या प्लेयरची बारीक ग्राउंड वायर फोनो प्री-ॲम्पच्या पेचाला लावायची राहून जाते, तीही बघा.

आणि एक चूक अजिबात करू नका. ‘अर्थची मोठी पिन काढली की घरघर जाते’ असा सल्ला मलाही मिळाला होता. घरघर जाते, हे खरं. पण आत कधी फेजची तार सुटून पत्र्याला टेकली तर त्या पत्र्यावर २३० व्होल्ट उभे राहतात आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून जातात. घरात लहान मूल असो वा नसो, ती पिन जागेवरच राहिली पाहिजे.

भिंतीतली वीज

पेठांतल्या जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायर असेलच असं नाही. वायरमनला बोलावून मल्टिमीटरने मोजून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे २३०च्या आसपास आकडा यावा, न्यूट्रल-अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्ट. यात मोठा फरक दिसला तर ॲम्प खोक्यातच ठेवा आणि आधी अर्थिंग करून घ्या.

अमेरिकेतल्या मुलाने किंवा भाचीने आणलेला ॲम्प १२० व्होल्टचा असू शकतो, जपानचा १०० व्होल्टचा. आपल्या सॉकेटला तो थेट लावला तर लगेच जातो. मागे व्होल्टेजचा खटका असेल तर तो २३०वर करा, नसेल तर पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या.

मोठा ॲम्प चालू करताना एमसीबी पडत असेल तर लगेच घाबरू नका. गोल ट्रान्सफॉर्मर पहिल्या क्षणी बराच प्रवाह ओढतो. बी प्रकारचा एमसीबी त्याच्यावर लिहिलेल्या प्रवाहाच्या तीन ते पाच पटीला पडतो, सी प्रकारचा पाच ते दहा पटीला. बदलावा की नाही ते वायरमनला ठरवू द्या. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ॲम्प चालवू नका. आणि मे महिन्यात वळवाचे ढग जमले की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा.

उष्णता

काचेच्या शोकेसमध्ये ॲम्प कोंडू नका, वर क्रोशाचा रुमाल नको. वर निदान चार-पाच बोटं जागा सोडा, जास्त तापणारा क्लास ए प्रकारचा असेल तर वीतभर. एप्रिल-मेमध्ये पुण्याचं तापमान चाळिशीला टेकतं, तेव्हा हे जास्तच सांभाळा.

लाल दिवा गेला नाही तर

चालू केल्यावर काही सेकंदांनी रिले (स्पीकर जोडणारा आतला आपोआप चालणारा खटका) ‘टक्’ वाजतो आणि मग स्पीकर जोडले जातात. टक् झालं नाही आणि प्रोटेक्शनचा (दोष आहे असं सांगणारा) लाल दिवा लागूनच राहिला, तर बंद करा, दोन्ही स्पीकरच्या वायरी ॲम्पकडून काढा आणि पुन्हा चालू करा. आता टक् झालं तर शॉर्ट वायरीत किंवा स्पीकरमध्ये आहे, एकेक जोडून शोधा. तरीही दिवा तसाच असेल तर इनपुटही काढून बघा.

रिले लागला, पण मनात शंका असेल तर स्पीकर न जोडता, इनपुट मोकळं ठेवून मल्टिमीटर डीसीवर लावा आणि लाल-काळ्या पेचांमध्ये मोजा. ५० मिलीव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत जोडा. आकडा व्होल्टमध्ये आला तर स्पीकर जवळसुद्धा आणू नका. झाकण उघडायचा मोहही नको, कारण प्लग काढल्यानंतरही आतले मोठे कपॅसिटर बराच वेळ भरलेले राहतात. बिल आणि वॉरंटी कार्ड घ्या, ॲम्प खोक्यात घाला आणि दुकानात घेऊन जा.