बहात्तरच्या दुष्काळाची आठवण कशी टिपून ठेवावी

बहात्तरच्या (1972) दुष्काळात सरकारनं काढलेल्या खडी फोडण्यासारख्या कामांवर गेलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या पुढं गेली आहेत. घरात असं कुणी असेल तर दिवाळीच्या सुट्टीची वाट बघू नका. या रविवारीच वही घेऊन बसा.

"दुष्काळ कसा होता?" असं विचारू नका. मी आजीला आधी तेच विचारलं. "लई वाईट," म्हणाली आणि विषय संपला. पुढच्या खेपेला विचारलं, "हातोडा घरचा होता का सरकारी?" मग दीड तास बोलत होती. कपची डोळ्यात उडू नये म्हणून पदर कसा ओढायचा, बोटांना चिंध्या कशा गुंडाळायच्या, माप घेताना मुकादम पायानं खडीचा ढीग कसा दाबायचा. प्रश्न वस्तूंचे विचारा. पगार कुठल्या वारी? मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी थापता यायची का? सुकडी, म्हणजे कामावर वाटायचे तो कोरडा खाऊ, पोरांपर्यंत पोचायची का? साल आठवत नसेल तर विचारा, "तेव्हा मांडीवर कोण होतं?"

बायकांशी वेगळं बसून बोला. आजोबा शेजारी असले की आजीची उत्तरंही तेच देतात.

जमलं तर कामाच्या जागी न्या. आमच्या शिवारातल्या पाझर तलावाच्या बांधावर आजी माझा हात धरून चढली. एका बाभळीकडं बोट करून म्हणाली, "हितं झोळ्या बांधायचो. तुझा बाप हितंच निजायचा." घरात ही गोष्ट कधी निघाली नव्हती.

एका ठिकाणी मात्र नीट खोदून विचारा. गावात त्या सगळ्याच कामाला रोजगार हमी म्हणतात. मे 1973 मध्ये राज्यात जवळपास 50 लाख माणसं राबत होती, ती मुख्यतः दुष्काळी कामांवर. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी हमीचा पहिला प्रयोग 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केला होता, पण कायदा झाला 1977 मध्ये आणि लागू झाला 26 जानेवारी 1979 ला. दुष्काळी काम सरकारनं काढलं तरच मिळायचं. कायद्यानंतर मागेल त्याला काम देणं सरकारला भाग झालं. मला यातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं. म्हणून विचारा, "काम निघालं म्हणून गेलीस, का मागायला गेलीस?" आजीनं दोन्ही केलं होतं. बहात्तरला दवंडी ऐकून गेली. नंतरच्या एका कोरड्या साली मात्र बायांनी अर्ज दिला आणि काम निघेपर्यंत कचेरीच्या पायरीवरून उठल्या नाहीत.

बोली आहे तशीच लिहा, शब्द शुद्ध करू नका.

शेवटी लिहिलेलं वाचून दाखवा. आजीनं ऐकलं आणि तिच्या टोळीतल्या पाच जणींची नावं घालायला लावली. त्यातल्या दोघी अजून आहेत, एक तर शेजारच्याच वाडीत. पुढच्या रविवारी तिकडं जायचं आहे.