साखरपुड्याचा पुडा आणि त्यामागचा शब्द

भाच्याच्या साखरपुड्याचा पुडा मी घरीच बांधला. पुडा मुलाकडच्यांनी न्यायचा. बाजारात तयार मिळतो, पण ज्या वस्तूवरून अख्ख्या समारंभाला नाव पडलं, ती आपल्या हातची असावी असं मला मनापासून वाटतं.

जाड कार्डशीट शंकूसारखी वळवा, टोक घट्ट ठेवा. पाव किलो साखर आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मगच आत घाला, नाहीतर पावसाळी हवेत तिला पाणी सुटून कागद भिजतो. तोंडावर पुठ्ठ्याची चकती, वरून जरीचा कागद. सगळं डिंकानेच चिकटवा. थोरल्या भाच्याच्या वेळी मी स्टेपलर मारला होता. पिन मुलीच्या नव्या साडीच्या पदरात अडकली आणि जरीचा धागा ओढला गेला. अजून जीव हळहळतो.

ओटीसाठी खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आदल्या रात्रीच ताटात काढून ठेवा.

गणपती आणि वरुणाचं पूजन झालं की वाङ्निश्चय, म्हणजे लग्नाचा शब्द देणं-घेणं. इथे अजिबात घाई नको, अंगठ्या आणि फोटो नंतर. दोन्हीकडचे वडील समोरासमोर बसतात, गोत्रं आणि पिढ्यांची नावं घेतली जातात. मुलीचे वडील म्हणतात, ‘वाचा दत्ता मया कन्या पुत्रार्थं स्वीकृता त्वया’. मी वाचेने मुलगी दिली, तुम्ही ती मुलासाठी स्वीकारलीत. मुलाचे वडील तेच शब्द फिरवून उत्तर देतात. गुरुजींना याचा अर्थ मोठ्याने मराठीत सांगायला लावा.

शब्द वडील देतात, पण मन मुलीचं असतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या सूर्यासूक्तात सोमासाठी मागणी घालायला अश्विनीकुमार जातात, आणि सूर्यदेव सविता आपली मुलगी सूर्या देतो ती ‘मनसा शंसन्ती’, मनातून होकार असलेली. म्हणून आदल्या दिवशी मी मुलीला एकटीला गाठून विचारलं, ‘बाळा, तुला मनापासून हवंय ना?’ हेही सांगितलं, की साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार सप्तपदी असेल तिथे सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं, तोवर काही खुपलं तर निःसंकोच बोल. ती हसून ‘हो मावशी, हवंय’ म्हणाली, तेव्हाच मी पुड्याला शेवटचा गोंडा लावला.

मग मुलाच्या आईने कुंकू लावून साडी द्यावी. मुलगी ती नेसून आली की ओटी भरावी आणि पुडा दोन्ही हातांनी तिच्या ओंजळीत ठेवावा.