ध्वनिमुद्रणाची सुरुवात सोलापुरातून

ध्वनिमुद्रक व्हायचे मनात आले की बहुतेक मुले आधी पुण्या-मुंबईच्या कोर्सची चौकशी करतात. माझ्या मते त्याआधीचे वर्ष आपल्याच गावातल्या भजनी मंडळांबरोबर घालवावे; कारण पखवाज, पेटी, टाळ आणि गाणारे एकाच खोलीत बसलेले असताना माइक कुठे ठेवायचा हे ज्याला उमगले, त्याला स्टुडिओतले काम परके वाटत नाही.

दोन माइक संगणकाला जोडता येतील असा ऑडिओ इंटरफेस, कान पूर्ण झाकणारा हेडफोन, एक डायनॅमिक (वीज न लागणारा) आणि ४८ व्होल्टवर चालणारा एक कंडेन्सर माइक एवढ्यावर सुरुवात होते. सॉफ्टवेअरसाठी खर्च नको, ऑडॅसिटी मोफत मिळते. मुद्रण २४ बिटवर करावे आणि सर्वांत मोठा आवाजही उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असा गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण, ठेवावा, कारण एकदा फाटलेला आवाज नंतर नीट दुरुस्त होत नाही.

खरी परीक्षा टाळांची असते. त्यांचा तीक्ष्ण आवाज गायकाच्या माइकमध्ये शिरला की शब्द झाकले जातात. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारा माइक पाठीमागून सर्वांत कमी आवाज घेतो, म्हणून त्याची पाठ टाळकऱ्यांकडे येईल अशी बैठक मांडून घ्यावी; बुवांना आधी कारण समजावून सांगितले की ते आनंदाने जागा बदलतात. पखवाजाचा सराव वेगळा करावा. कणीक लावलेल्या धुमेकडे (डाव्या तोंडाकडे) एक आणि उजव्या तोंडाच्या शाईकडे एक असे दोन माइक लावून एकाची पोलॅरिटी, म्हणजे ध्वनिलहरीची वर-खाली दिशा, उलटी करून पाहावी, आणि ज्या स्थितीत धुमेचा घुमारा भरीव ऐकू येईल ती कायम ठेवावी.

सोलापूरच्या पूर्व भागात घर असेल तर यंत्रमाग थांबल्यावरच मुद्रण करावे. भिंतींवर टांगलेल्या जाड सोलापुरी चादरी खोलीतला प्रतिध्वनी कमी करतात, पण मागांची खालच्या पट्टीतली घरघर त्या अडवू शकत नाहीत.

याच काळात एखाद्या साउंडवाल्याकडे केबल गुंडाळण्यापासून काम धरावे आणि हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहातल्या नाटकांची ध्वनिव्यवस्था पाहावी. पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेच्या ध्वनिमुद्रण अभ्यासक्रमासाठी प्रवेश परीक्षा देता येते. काम मागायला जाताना तीनच मुद्रणे न्यावीत, मात्र प्रत्येकाचे मूळ ट्रॅक (प्रत्येक माइकचे वेगळे मुद्रण) आणि ते एकत्र करून तयार केलेले मिक्स दोन्ही सोबत असावेत.