जुन्या गाडीचा क्लच बदलताना या चुका टाळा

नुकतीच घेतलेली जुनी गाडी पन्हाळ्याच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर दाबताच इंजिनाचा आवाज चढतो, परंतु वेग मात्र वाढत नाही आणि काही वेळाने जळका वास येऊ लागतो. क्लच झिजल्याचे हे सर्वांत भरवशाचे लक्षण होय. मात्र बहुतेक नव्या मालकांचा पैसा वाया जातो तो भलत्याच लक्षणांवरून क्लच बदलल्यामुळे, कारण या कामात सुट्या भागांइतकीच मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची असते आणि एकदा तो उतरवला की निदान चुकले होते हे कळून काही उपयोग होत नाही.

गिअर जड पडत असेल किंवा रिव्हर्स टाकताना खरखर होत असेल, तर क्लच घसरत (पकड न धरता फिरत) नसून पूर्ण सुटत नाही, असे समजावे. जुन्या अल्टो, वॅगनआरसारख्या केबलवर चालणाऱ्या गाड्यांत आधी केबल आणि तिची ॲडजस्टमेंट पाहावी. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा, क्लच असल्यास मास्टर (पेडलकडचा) आणि स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) सिलिंडरची गळती तपासावी. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची ऑइलची टाकी एकच असते, त्यामुळे ब्रेक ऑइल वारंवार कमी होत असल्यास क्लचकडेही संशयाने पाहावे. पेडल दाबल्यावरच येणारा आवाज बहुधा रिलीज बेअरिंगचा, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा, असतो. पेडल सोडलेले असताना येणारा आणि दाबताच थांबणारा आवाज मात्र गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचमधून आत जाणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगकडे बोट दाखवतो, आणि तो नव्या क्लचने जाणार नाही. केबलला मुळीच प्ले (सैलपणा) नसेल तर चांगला क्लचही घसरतो, म्हणून पाना आधी केबलच्या नटाला लावावा.

कोल्हापुरात आणखी एक शक्यता दुर्लक्षून चालत नाही. 2019 आणि 2021 च्या पुरात अनेक गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, आणि अशा गाड्या पुढे बाजारात येतातच. पाण्यात राहून नंतर बराच काळ न हललेल्या गाडीची क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या जड चाकाला, चिकटू शकते. पेडल नेहमीसारखे दाबले जाते, तरीही इंजिन चालू असताना गिअर पडत नाही. अशा वेळी क्लचचा खर्च ठरवण्यापूर्वी पायाखालचा कार्पेट उचलून त्याखाली सुकलेला गाळ आहे का, सीटच्या रुळांवर गंज आहे का, हे पाहावे. तो आढळल्यास क्लच ही त्या गाडीची सर्वांत छोटी तक्रार ठरेल.

दुसरी मोठी चूक म्हणजे काटकसर म्हणून केवळ प्लेट बदलणे. प्रेशर प्लेट (क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग) आणि रिलीज बेअरिंग सोबतच बदलावे. दोनच महिन्यांनी जुने बेअरिंग वाजू लागले, तर त्यासाठी पुन्हा तोच गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट मजुरी जाते. घंटी, म्हणजे क्लचची हाउसिंग, आतून तेलकट दिसली तर क्रँकचे मागचे ऑइल सील आणि गिअरबॉक्सचे इनपुट सील तपासल्याशिवाय नवी प्लेट बसवू नये, कारण तेल लागलेली प्लेट गाडी उचलताना थरथरते. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे असल्यास त्याचा निर्णयही तेव्हाच घ्यावा. कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात लेथ शोधायला फिरावे लागत नाही, म्हणून फेस मारून (पृष्ठभाग कातून सपाट करून) घेण्याचा मोह होतो. परंतु कंपनीने दिलेल्या किमान जाडीखाली गेलेले फ्लायव्हील बदलणेच योग्य, आणि काही डिझेल गाड्यांतील ड्युअल मास (स्प्रिंगने जोडलेल्या दोन भागांच्या) फ्लायव्हीलला लेथवर चढवू नये.

बसवताना प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे, याची खूण बहुतेक प्लेटवरच असते. ती वाचावी. प्लेट मधोमध राहावी म्हणून अलाइनमेंट शाफ्ट वापरावा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जावे. नव्या प्रेशर प्लेटवरील गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसावे. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर, म्हणजे प्लेट सरकते त्या खाचांवर, ग्रीसचा पातळ थर पुरतो. जास्त लावल्यास ते फिरताना उडून प्लेटवर जाते. गिअरबॉक्स चढवताना त्याचे वजन क्षणभरही प्लेटवर लटकू देऊ नये, अन्यथा नवी प्लेट वाकते. आतील जुनी धूळ हवेच्या पाइपने उडवू नये, कारण प्लेटच्या जुन्या लायनिंगमध्ये (घर्षणाच्या अस्तरात) ॲस्बेस्टॉस असू शकते.

ज्या गाड्यांत ड्राइव्ह शाफ्ट (चाके फिरवणारे दांडे) काढावे लागतात, त्यांत गिअर ऑइल वाहून जाते. ते मॅन्युअलमधील ग्रेडचेच आणि पुरेसे भरले आहे ना, हे गाडी ताब्यात घेण्यापूर्वी समोर उभे राहून पाहावे. जुनी प्लेट मागून घेऊन तिचे लायनिंग झिजून रिव्हेट कितपत उघडे पडले आहेत तेही बघावे, म्हणजे निदान बरोबर होते की नाही हे कळते. पहिले काही शे किलोमीटर गाडी शहरात सावकाश चालवावी. गळीत हंगामात गगनबावड्याच्या घाटात उसाच्या ट्रॉलीमागे हाफ क्लचवर रेंगाळायला ही वेळ नव्हे. त्यानंतरही गाडी उचलताना थरथरत राहिली, तर लगेच नव्या प्लेटला दोष देण्यापूर्वी इंजिन माउंट (इंजिन धरून ठेवणारे आधार) ढिले किंवा फाटलेले नाहीत ना, हे तपासून घ्यावे. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.